विषय: भोगीची भाकरी आणि सोलापूरचं वायफाय

प्रेषक: संक्रांत समिती
२ जानेवारी

नमस्कार जर्मनीतल्या मराठी मंडळी,

१३ तारखेच्या ऑनलाइन भोगीसाठी नावं येताहेत, छान वाटतंय. पण काल सोलापूरच्या काकूंबरोबर रंगीत तालीम घेतली आणि जीव टांगणीला लागला. पीठ मळेपर्यंत सगळं झकास. भाकरी थापायला घेतली नि काकूंचा हात परातीतच थिजला. आवाज येत होता, "दिसतंय का गं? आता तीळ लावते." दिसत मात्र होता अर्धवट थापलेला बाजरीचा गोळा, चांगली चार मिनिटं. मग आवाजही गेला. भोगीच्या भाजीपर्यंत आम्ही पोचलोच नाही.

आधी चित्रित करून दाखवता येईल, पण मग "माझी भाकरी चिरते का?" हे विचारायचं कुणाला? ताई, तू सध्या आईकडेच आहेस ना? काही जमतंय का बघ.

—

प्रेषक: साखर पेठेतली लेक (एरवी श्टुटगार्ट)
३ जानेवारी

हो, मी इथेच आहे. सिद्धेश्वराची गड्ड्याची यात्रा झाल्याशिवाय हलणार नाही.

काल दिवसभर फोन हातात धरून घरभर फिरले. आबा म्हणाले, "काय करलालीस गं, भूत शोधलालीस का?" निष्कर्ष असा की इंटरनेट उत्तम आहे. प्लॅन दोनशे एमबीपीएसचा, आणि सोप्यात, म्हणजे पुढच्या खोलीत, उभं राहिलं की एकशे ऐंशीच्या वर मिळतात. माजघरात वीस. स्वयंपाकघरात दीड, तेही खिडकीशी वाकलं तर. सिग्नल मोजायच्या अ‍ॅपवर सोप्यात उणे ४८, चुलीपाशी उणे ८४ (शून्याच्या जितकं जवळ तितकं चांगलं).

घर माळवदाचं. भिंती दगडमातीच्या, दोन-दोन फुटी. मे महिन्यात पारा चव्वेचाळीसला टेकला तरी आमचं माजघर गार असतं ते त्यांच्याच जिवावर. सोपा ते स्वयंपाकघर अशा दोन भिंती मध्ये येतात.

आता राउटर कुठे आहे ते ऐका. सोप्यातल्या लोखंडी कपाटाच्या मागे, फळीवर. शेजारी पाण्याची दोन मोठी पिंपं, कारण नळ रोज येत नाही हे सोलापूरकरांना सांगायला नको. जोडायला आलेल्या पोराला आबांनी विचारलं होतं म्हणे, इथे कशाला? तो म्हणाला, "वायफाय आहे काका, कुठंही पोचतंय."

येताना तळघरात पडलेला जुना जर्मन राउटर, फ्रिट्झबॉक्स ७४९०, बॅगेत टाकून आणला होता. तो लावून भागेल की नवीन काही घेऊ?

—

प्रेषक: म्युनिकचा भाचा
३ जानेवारी

ताई, जुनाट वस्तूंच्या नादी लागू नकोस. तीन डब्यांचा मेश सेट (एकमेकांशी जोडलेले, घरभर ठेवायचे राउटर) ऑनलाइन मागव, दोन दिवसांत घरी येईल. अ‍ॅपमध्ये दहा मिनिटांत सेटअप. नाहीतर एक रिपीटर घे आणि माजघरातल्या सॉकेटला खोच.

—

प्रेषक: टेलिफोनवाले काका (न्यूर्नबर्ग, मूळ मुरारजी पेठ)
४ जानेवारी

पोरी,

वायर टाक. बाकीचं नंतर वाचलंस तरी चालेल.

भाच्याला राग येऊ नये म्हणून कारण सांगतो. रिपीटर काय करतो, कानावर आलेलं पुन्हा मोठ्यानं ओरडून सांगतो. पण त्याच्याच कानावर नीट आलं नसेल तर तो काय डोंबलं सांगणार? शिवाय एकाच पट्ट्यावर ऐकायचं आणि त्याच पट्ट्यावर बोलायचं म्हणजे वेग निम्म्यावर येतो. बिनवायरीचा मेशही शेवटी हवेतूनच बोलतो, त्यालाही ती दोन फुटी भिंत ओलांडायचीच आहे. वायफायचे पट्टे दोन, २.४ आणि ५ गिगाहर्ट्झ. ५ वेगवान खरं, पण भिंतीपुढे २.४पेक्षाही लवकर हात टेकतं. आणि पाणी तर या लहरी पिऊनच टाकतं. मायक्रोवेव्हमध्ये वरण गरम होतं ते याच जातकुळीच्या लहरींनी. तुमचं वायफाय निम्मं त्या पिंपांत बुडतंय. आधी तो डबा कपाटामागून काढा आणि टीव्हीच्या वरच्या फळीवर उघड्यावर ठेवा. फुकटचं काम आहे. फक्त ती फायबरची पिवळी तार जपून, काटकोनात मोडू नका. आत काच आहे. लाल दिवा लागला की समजायचं काच दुखावली.

फ्रिट्झबॉक्स चांगला आहे. डीएसएलचा, म्हणजे टेलिफोनच्या तारेवरच्या इंटरनेटचा, असला म्हणून बिघडत नाही, आपल्याला त्यातलं मोडेम नकोच आहे. कंपनीच्या डब्याच्या मागच्या लॅन पोर्टातून वायर काढायची आणि ह्याच्या लॅन १ मध्ये घालायची. मग सेटिंगमध्ये "आहे तेच कनेक्शन वापर" असं सांगायचं, त्याला ते आयपी क्लायंट म्हणतात. असं केलं की तो घरातल्या उपकरणांना स्वतः आयपी पत्ते वाटायचं बंद करतो. हे महत्त्वाचं आहे. एका डावात दोघं जण पत्ते वाटायला बसले तर खेळ होतो का? घरात पत्ते वाटणारा एकच हवा, तो सोप्यातला.

नाव आणि पासवर्ड दोन्ही डब्यांना हुबेहूब तेच ठेव, स्पेलिंगसकट. मग आईचा फोन, आबांचा टीव्ही, दारावरचा कॅमेरा, कुणालाच काही नव्यानं सांगावं लागत नाही. आई माजघरातून आत गेली की फोन आपला आपण जवळचा डबा धरतो. चॅनेल मात्र वेगळे ठेव, २.४ला सोप्यात १ आणि मागे ११. मधले ३, ४, ८ असले निवडू नकोस, ते दोन्हीकडच्यांच्या पायात पाय घालतात.

आणि कंपनीच्या डब्याच्या मागचं टाचणीएवढं रीसेटचं भोक कुणालाही दाबू देऊ नकोस. त्यात कंपनीनं भरलेलं युजरनेम-पासवर्ड असतं. पुसलं गेलं की दोन दिवस फोनवर "आपला कॉल महत्त्वाचा आहे" ऐकत बसायचं. संक्रांत निघून जाईल.

—

प्रेषक: साखर पेठेतली लेक
५ जानेवारी

काका, पिंपांपासून हलवल्यावर माजघर वीसवरून पंचावन्नवर आलं! स्वयंपाकघर चारवर. म्हणजे आईचा हात आता थिजणार नाही, पण झिरझिरीत दिसेल.

वायरीचं मान्य आहे, पण ती न्यायची कुठून? सुतार म्हणाला, एवढ्या भिंतीला आरपार जाईल असं बिट त्याच्याकडे नाही, आणि मध्ये दगड लागला तर तोही गेला. चौकटीच्या कोपऱ्यातून भोक पाडूया म्हटलं तर आबांनी पेपर खाली ठेवला. ती सागवानी चौकट आजोबांनी करून घेतलेली आहे. विषय संपला. माळवदावरून नेऊ का?

—

प्रेषक: टेलिफोनवाले काका
५ जानेवारी

माळवदावरून नको. साधी वायर सोलापूरच्या उन्हात दोन वर्षांत तडकते, आणि वळवाची वीज पडली तर दोन्ही डबे एकदम जातील.

एक विचारतो. तुमच्याकडे पूर्वी टेलिफोन होता का? आणि होता तर कुठल्या खोलीत?

—

प्रेषक: साखर पेठेतली लेक
५ जानेवारी, रात्री

माजघरात! देवळीत, विणलेल्या रुमालाखाली. का?

—

प्रेषक: टेलिफोनवाले काका
६ जानेवारी

मग सोप्याच्या भिंतीत भोक आहेच. आमच्याच खात्यानं पाडलेलं. पुढच्या दारावरून वायर आत घेतली की सोप्याच्या आढ्याखालून, भिंतीच्या अगदी वरच्या कोपऱ्यातून माजघरात काढायची, अशी पद्धत होती. पहारीनं पाडायचो. पहार आरपार गेली की घरच्या बाई पलीकडून ओरडायच्या, "आली, आली!" वर चुन्याचे हात बसले असतील, पण जुनी वायर अजून लोंबत असेल तर तिला सोडू नकोस. ती ओढून काढायचीही नाही. तिच्या टोकाला नवी वायर बांध, चिकटपट्टी घट्ट गुंडाळ, आणि पलीकडून जुनी ओढ. नवी मागोमाग येते.

माजघर ते स्वयंपाकघर ही दुसरी भिंत राहिली. तिथे दार असेल ना, बहुतेक बिनदाराची मोकळी चौकट? मग डबा माजघरात त्या चौकटीसमोर ठेव. लहरी दारातून आत जातील, भिंतीशी भांडायची गरज नाही.

कॅट ६ जातीची नेटवर्क वायर घे, मीटरवर मिळते. शंभर मीटरपर्यंत चिंता नाही, तुला वीसही लागणार नाहीत.

—

प्रेषक: साखर पेठेतली लेक
८ जानेवारी

भोक सापडलं. कुंभारीण माशीनं मातीनं लिंपून टाकलं होतं, काळी जोडवायर आत तशीच होती. आबा स्टुलावर चढून सोप्यातून वायर सरकवत होते, मी माजघरातून ओढत होते. निळं टोक बाहेर आलं तेव्हा आई खरंच ओरडली, "आली, आली!" काकांचं पत्र तिला वाचून दाखवलं नव्हतं, शपथ.

वायर नव्या पेठेतून आणली. टोकं बसवायला गल्लीतल्या एका पोराला बोलावलं. जोडलं, सगळे दिवे लागले, आणि स्वयंपाकघरात आले बरोब्बर त्र्याण्णव. पुन्हा त्र्याण्णव. फ्रिट्झबॉक्स म्हातारा झाला असेल म्हणून मी त्याच्यावर संशय घेतला. मग प्लगच्या पारदर्शक टोकात डोकावून पाहिलं, तर त्यानं आठपैकी चारच तारा बसवलेल्या. विचारलं तर म्हणाला, "कॅमेऱ्याला चारच लागतात." खरंच आहे, चार तारांवर शंभरपर्यंत चालतं, वर जायला आठही लागतात. पुन्हा करून घेतलं, मी शेजारी उभी राहून रंग म्हणत होते: पांढरा-केशरी, केशरी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी. दोन्ही टोकांना तोच क्रम. आता मागेही एकशे ऐंशी.

मध्ये एकदा पोटात गोळा आला होता. आयपी क्लायंट केल्यावर फ्रिट्झबॉक्सच्या सेटिंगचा नेहमीचा पत्ता, १९२.१६८.१७८.१, उघडेचना. मला वाटलं डबा मेला. मग लक्षात आलं की आता पत्ता त्याला सोप्यातला डबा देतो, तर त्याच्या यादीत बघायला हवं. तिथे होता बिचारा १९२.१६८.१.७ होऊन बसलेला.

सोप्यातल्या डब्याचा अ‍ॅडमिन पासवर्ड अजून अ‍ॅडमिनच होता, दोन वर्षं! तो बदलला. डब्ल्यूपीएस, म्हणजे पासवर्ड न टाकता जोडायची सोय, बंद केलं. वायफायच्या पासवर्डसाठी आईची इच्छा सिद्धेश्वराचं नाव ठेवायची होती. म्हटलं, आई, या गावात पहिला अंदाज तोच करतील. आता एक लांबलचक वाक्य ठेवलंय, कॅलेंडरच्या पाठीवर आबांच्या अक्षरात लिहिलेलं.

एकच शंका. लाइट जाऊन आले की मागच्या डब्याचं २.४ लगेच दिसतं, पण ५चं कधीकधी दहा-दहा मिनिटं गायब. दुरुस्त करायचं काही आहे का?

—

प्रेषक: ढगवाला (हँबुर्ग)
८ जानेवारी

हे माझ्या धंद्यातलं निघालं, म्हणून पहिल्यांदाच यादीवर लिहितोय.

डबा बिघडलेला नाही, तो कान देऊन बसलाय. ५ गिगाहर्ट्झचे काही चॅनेल रडारच्या वाट्याचे आहेत. युरोपातल्या नियमाप्रमाणे राउटरनं तिथे बोलायच्या आधी एक मिनिट ऐकायचं, आणि १२० ते १२८ या हवामान रडारच्या चॅनेलांवर तब्बल दहा मिनिटं. तुझा डबा जर्मन शिस्तीचा, त्यामुळे तो सोलापुरातही ऐकत बसतो. मधेच रडारची चाहूल लागली तर चॅनेल सोडून पळतोही.

आणि सोलापुरात कुठलं आलंय रडार, असं कुणी म्हणू नये. पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेनं ढगांत बीजपेरणीचा जो प्रयोग केला, २०१८ आणि २०१९च्या पावसाळ्यात, तो सोलापूर भागातच. त्यासाठी तिथे सी-बँड रडार होतं, म्हणजे याच पट्ट्यातलं. पर्जन्यछायेतलं गाव म्हणूनच निवडलं होतं.

स्वयंचलित काढून टाक, चॅनेल ३६ ठरवून दे. ३६ ते ४८ला ही भानगड नाही.

—

प्रेषक: टेलिफोनवाले काका
८ जानेवारी

वा. तिकडे आमचा डबा कान देऊन बसलाय आणि इकडे सोलापूरकर आभाळाकडे बघून.

लाइटचं मात्र बघ. दोन्ही डब्यांना १२ व्होल्टचे छोटे यूपीएस मिळतात, पण अ‍ॅडॉप्टरवरचे अँपिअर वाचून घे, आणि पिन बसते का तेही. भाकरी तव्यावर आणि लाइट गेले असं नको. गॅस चालू राहील, आम्ही राहणार नाही.

—

प्रेषक: म्युनिकचा भाचा
९ जानेवारी

बरं बाबा, हरलो. पण एक सांगा, ताई महिनाअखेरीला परत येणार. मग त्या जर्मन मेनूचं तिकडे कोण बघणार?

—

प्रेषक: साखर पेठेतली लेक
९ जानेवारी

कुणालाच बघावं लागू नये म्हणून तर तो फक्त मागचा डबा आहे. बिघडला तर आबांनी त्याची वायर काढून बाजारातला कुठलाही राउटर अ‍ॅक्सेस पॉइंट करून (म्हणजे पत्ते न वाटता फक्त वायफाय देणारा) लावायचा, सोप्यातल्याला हात लावायचा नाही. एका पुठ्ठ्यावर मराठीत लिहून देवळीत ठेवलंय, आणि आबांकडून दोनदा करवून घेतलंय. दुसऱ्यांदा मी स्वयंपाकघरात जाऊन बसले होते. त्यांना अकरा मिनिटं लागली, त्यातली पाच चष्मा शोधण्यात.

चॅनेल ३६ केला. छोटे यूपीएसही आले. आज संध्याकाळी तालीम घेऊ या का? आई विचारते, किती वाजता पीठ मळायला घेऊ, तुमच्या वेळेनं सांगू नका.

—

प्रेषक: संक्रांत समिती
९ जानेवारी, रात्री

तालीम झाली! पाऊण तास, एकदाही थिजलं नाही. बाजरीच्या पिठाचे कण दिसत होते परातीवर. तव्यावर पापुद्रा सुटला तेव्हा श्टुटगार्टच्या तीन स्वयंपाकघरांतून एकदम "आहाहा".

आता खरी अडचण. काकूंनी भाकरी तव्यावर टाकल्यावर पाणी फिरवलं, पण तिळाची बाजू वर होती की खाली, यावर तिघींची तीन मतं आहेत. काकूंना विचारून कळवशील?