धावपट्टीचं 'शीर्षक' आणि ढळलेली उत्तर

घिरट्या: डीसीएस या संगणकावरच्या लढाऊ विमानांच्या सिम्युलेटरमध्ये उडणारे आम्ही सहा मित्र. दोघे अगदी नवे, त्यांच्यासाठी दोन पानी मराठी टिपण करतोय. हेडिंग आणि मॅग्नेटिक व्हेरिएशन या दोन शब्दांपाशी घोडं अडलंय. यंत्राकडून भाषांतर करून घेतलं तर 'रनवे हेडिंग'चं 'धावपट्टीचे शीर्षक' झालं आणि व्हेरिएशनचं 'चुंबकीय भिन्नता'. शीर्षक वाचून एकाने विचारलं, लेखक कोण?

नुसत्या हौसेपायी विचारत नाहीये. परवा नेवाडाच्या नकाशावर नेलिसच्या हवाई तळावर उतरत होतो. नव्या भिडूने एफ-टेन नकाशावर (एफ-टेनची कळ दाबली की उघडतो तो) मोजपट्टी टाकून धावपट्टीची दिशा मोजली, बेचाळीस अंशांच्या आसपास भरली. दहा मैलांवरून एफ-सोळाच्या हडवर (डोळ्यांसमोरच्या काचेवर आकडे दाखवणारा पडदा) बरोब्बर बेचाळीस धरून आला. हवा धुरकट. धुरातून बाहेर पडला तेव्हा धावपट्टी डाव्या हाताला, चांगली दोन मैल लांब. वर आम्हालाच विचारतो, "नाव ०३ आहे ना, मग आकडा तीसच्या जवळपास हवा की बेचाळीस?" प्रश्न रास्त आहे. आम्ही चौघांनी चार तऱ्हांनी समजावलं आणि त्याचा गोंधळ चौपट केला.

शाळामास्तर: हेडिंगला चांगला मराठी शब्द आहे, रोख. 'बोलण्याचा रोख माझ्याकडे होता', 'बंदुकीचा रोख'. विमानाचं नाक जिकडे, तो रोख. आडवा वारा असला की रोख एकीकडे आणि वाट दुसरीकडे, हेही मग एका वाक्यात सांगता येतं: "रोख २७०, वाट २६५." ज्याला ट्रॅक म्हणतात ती वाट. बेअरिंगला नुसतं 'दिशा' पुरे. शत्रू कोणत्या दिशेला, हे सांगायला आणखी संस्कृत कशाला?

व्हेरिएशनला मात्र पाठ्यपुस्तकी शब्द आहे, दिक्पात. चुंबकसूची खऱ्या उत्तरेपासून, म्हणजे भौगोलिक ध्रुवाच्या दिशेपासून, जेवढी बाजूला जाते तो कोन. 'भिन्नता' पार खोडून टाका.

घिरट्या: रोख आवडला. पैशांची आठवण येते एवढंच. पण दिक्पात हेडसेटवर बोलायला जड जातो हो. 'पात' म्हटलं की गर्भपात, उल्कापात. कॉकपिटमध्ये तर नकोच.

अलिबागकर: 'ढळ' कसा वाटतो? ध्रुव अढळ, आणि होकायंत्राची सुई ढळलेली. "ढळ बारा पूर्व." दोन अक्षरी, हेडसेटवर नीट ऐकू येणारा.

शाळामास्तर: नाम म्हणून 'ढळ' छापील मजकुरात या अर्थाने मी पाहिलेला नाही. पण ढळणे हे क्रियापद पक्कं आहे आणि अढळ घराघरात माहीत आहे. टिपणात पहिल्यांदा 'दिक्पात, म्हणजे उत्तरेची ढळ' असं लिहा, पुढे नुसती ढळ. माझी हरकत नाही. एक मात्र सांभाळा. 'विचलन' हा शब्द इथे वापरू नका. विमानाच्या स्वतःच्या लोखंडामुळे आणि तारांमुळे होकायंत्र जे चुकतं, ते विचलन. त्याचं छोटं कार्ड होकायंत्राशेजारी लावलेलं असतं. विचलन विमानागणिक वेगळं असतं, ढळ जागेगणिक. आणि इंग्रजीत ढळीला डेक्लिनेशनही म्हणतात, त्याचं भाषांतर 'क्रांती' करू नका. ती खगोलवाल्यांची.

घिरट्या: जागेगणिक म्हणजे किती? आमच्या कॉकेशसच्या नकाशावर बाटुमीला साधारण सहा अंश पूर्व येते, नेवाडाला बारा.

अलिबागकर: आणि आपल्याकडे एका अंशाच्या आत. म्हणूनच आपल्याला हा शब्द कधी लागला नाही! मुंबईची ०९/२७ किंवा पुण्याची १०/२८ नकाशावर मोजा नाहीतर होकायंत्रावर बघा, फरक कळणारसुद्धा नाही.

ढळ मोजणारे मात्र आमच्या गावातच आहेत. कुलाब्याची चुंबकीय वेधशाळा १९०४ मध्ये अलिबागला आली, कारण मुंबईत विजेच्या ट्राम येऊ घातल्या होत्या आणि त्या विजेने नोंदी बिघडल्या असत्या. ट्राम १९०७ मध्ये धावल्या, तोवर सुया इकडे सुखरूप पोचल्या होत्या. मधली दोनेक वर्षं दोन्हीकडे एकाच वेळी नोंदी घेतल्या, जुन्या-नव्याचा सांधा जुळावा म्हणून. लहानपणी त्या कुंपणाजवळून जाताना सायकलची घंटी वाजवायलाही आम्ही घाबरायचो, सुई हलेल म्हणून. उगाचच.

पंखेवाला: जागेबरोबर काळाचंही लिहा. दुसऱ्या महायुद्धातली विमानं उडवणाऱ्यांची तिथेच फसगत होते. १९४४ मध्ये नॉर्मंडीत ढळ दहाएक अंश पश्चिम होती, आज तिथे जवळपास शून्य. ग्रीनिचला २०१९ मध्ये सुई खऱ्या उत्तरेला लागली, साडेतीनशेहून जास्त वर्षांनी. त्यामुळे आजच्या नकाशावरचा आकडा घेऊन स्पिटफायरमध्ये बसू नका. मिशनची तारीख काय आहे ते आधी बघा.

धावपट्ट्यांची नावंही याच कारणाने बदलतात. चुंबकी रोख दहाच्या पटीत करायचा आणि शेवटचं शून्य टाकायचं, की झालं नाव. लंडनच्या स्टॅन्स्टेड विमानतळाची ०५/२३ ही २००९ मध्ये ०४/२२ झाली. डांबर तसूभर हललं नाही, उत्तर हलली.

घिरट्या: म्हणजे नेलिसची ०३ हे चुंबकी रोखाचं नाव, आणि एफ-टेनची पट्टी खऱ्या उत्तरेपासून मोजते. आता लख्ख कळलं. आता बेरीज करायची की वजाबाकी, हे लक्षात ठेवायला काही आहे का? इंग्रजी यमक आहे, पण नव्यांना ते उलटंच आठवतं.

अलिबागकर: पूर्व घेते, पश्चिम देते. नकाशावरचा खरा रोख हातात घ्या. ढळ पूर्व असेल तर ती तेवढे अंश काढून घेते, पश्चिम असेल तर देते. बेचाळीसातून पूर्वेने बारा घेतले, उरले तीस. तुमच्या भिडूने पूर्वेला तिचे बारा दिलेच नाहीत, म्हणून धावपट्टी डावीकडे राहिली.

पंखेवाला: हिशेब बरोबर. साठ मैलांवर एका अंशाला एक मैल चुकतो, म्हणून दहा मैलांवर बारा अंशांना दोन मैल. टिपणात ही ओळ टाकाच.

हॉर्नेटवाल्यांसाठी (एफ-अठरा उडवणाऱ्यांसाठी) आणखी एक. एचएसआयच्या, म्हणजे दिशा दाखवणाऱ्या पडद्याच्या, डेटा पानावर रोख खरा की चुंबकी हे बदलता येतं. खरा निवडला की हडवर रोखाच्या पट्टीखाली छोटा टी (ट्रू, म्हणजे खरा) दिसतो. त्याच्याकडे कोणी बघत नाही. मग रेडिओवर एक जण ३० म्हणतो, दुसरा ४२, दोघंही बरोबर, आणि वाद पंधरा मिनिटं.

शाळामास्तर: म्हणूनच एक भाषिक नियम घाला: आकडा एकटा लिहायचा नाही. 'खरा' किंवा 'चुंबकी' सोबत हवंच. 'चुंबकीय'मधला य बोलताना गळतोच, तेव्हा चुंबकी चालेल. आणि दिशावाचक उत्तर स्त्रीलिंगी. 'खरी उत्तर' लिहा. 'खरं उत्तर' लिहिलंत तर पोरं प्रश्न शोधत बसतील.

घिरट्या: 😄 नक्की. धावपट्टी, रोख, वाट, दिशा, ढळ. विचलन आमच्या विमानांत कधी लागलं नाही, तरी तळटीपेत ठेवतो. पहिली ओळ अशी केली आहे:

"नेलिस, धावपट्टी ०३. चुंबकी रोख सुमारे ३०. ढळ सुमारे १२ पूर्व. नकाशावर ४२."

शाळामास्तर: ४२ एकटाच राहिला.

घिरट्या: खरा ४२. केलं.