फेब्रुवारीअखेर पक्षी बघायला कुठे जाऊ, येऊर की ऐरोलीची खाडी?

कळवेकरीण
नमस्कार मंडळी, या रविवारी आई आणि भाचीला घेऊन पक्षी बघायला जायचंय. आईचे गुडघे दुखतात म्हणून चढ नको आणि भाचीला रोहित (फ्लेमिंगो) बघायचेत. ठाण्यातलं येऊरचं जंगल बरं की नवी मुंबईतली ऐरोलीची खाडी? आणि अजून एक, आमच्या बिल्डिंगमागच्या पिंपळावर सकाळपासून कोणीतरी एका लयीत टुक टुक टुक करत असतं, दुपारीसुद्धा थांबत नाही, पण काही केल्या दिसत नाही, कोण असेल?

सकाळची_फेरी
तांबट आहे तो, शंभर टक्के! चिमणीएवढाच पण अंगाने गोलमटोल, हिरवा, कपाळ आणि छाती लाल, डोळ्याभोवती पिवळं. ओरडताना मान फिरवत राहतो त्यामुळे आवाज कुठून येतोय तेच कळत नाही. पानांत शोधू नका, सकाळच्या उन्हात शेंड्याच्या सुक्या काटकीवर बघा.

येऊरला नक्की जा. आत्ता पानगळ सुरू आहे, फांद्या मोकळ्या, एरवी नुसते ऐकू येणारे पक्षी चक्क दिसतात. आईंना चालवूच नका, रस्त्याकडेला फुललेली काटेसावर नाहीतर पळस गाठा आणि फोल्डिंग स्टूल टाकून निवांत बसा. लोक उगाच तंगडतोड करतात हो, या दिवसांत एका फुललेल्या झाडावर बुलबुल, कोतवाल, शिंजीर, हळद्या, भोरड्यांचा थवा असे सगळे मधासाठी येऊन जातात, काही तर फुलांवर येणारे किडे टिपायला येतात. जवळपास उंबर पिकलेला असेल तर हरियालही बघा, भाचीला सांगा हा आपला राज्यपक्षी. फक्त नीट उजाडल्यावरच जा, बिबट्याचं रान आहे, आणि परवानगीशिवाय आतल्या पायवाटांवर नको.

खाडीकाठ
रोहितांसाठी ऐरोलीच. किनारी व सागरी जैवविविधता केंद्रातून बोट सुटते, पण वेळ भरती-ओहोटीवर ठरते त्यामुळे आधी चौकशी करून बुकिंग करा. ओहोटीला चिखल उघडा पडतो आणि थवे तिथेच चरायला पसरतात, पाणी चढलं की सरकतात, काही नेरूळच्या तळ्याकडे येऊन बसतात. ठाणे खाडीचा हा भाग २०१५ पासून अभयारण्य आहे, २०२२ मध्ये रामसर दर्जाही (आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा म्हणून) मिळाला, आपल्या दारात एवढं मोठं वैभव आहे हो! पण रोहित मेपर्यंत असतात, काटेसावरीचा बहर तोवर थांबणार नाही, म्हणून मी म्हणेन आधी येऊर.

हिरवी_पायवाट
एक कळकळीची विनंती, मोबाईलवर पक्ष्यांचे आवाज वाजवून त्यांना बोलावू नका. बऱ्याच पक्ष्यांचे विणीचे दिवस जवळ आलेत, दुसरा नर घुसलाय समजून ते बिचारे सैरभैर होतात. ओळखायलाच हवं असेल तर आवाजावरून पक्षी ओळखणाऱ्या मर्लिन ॲपवर नुसता आवाज रेकॉर्ड करा.

कळवेकरीण
ठरलं मग, रविवारी येऊर आणि रोहित मार्चमध्ये! तांबटाचं ऐकून आई आत्ताच गॅलरीत जाऊन उभी राहिलीये. भाचीसाठी दुर्बीण कुठली घेऊ?

सकाळची_फेरी
आठ बाय बत्तीस घ्या (आठ पट मोठं दिसतं, पुढचं भिंग बत्तीस मिमीचं), हलकी असते. दहा पटीची लहान हातात हलते, पोरं कंटाळतात.