मदत हवी आहे : २एन३०५५ वरचा जुना अ‍ॅम्प्लिफायर

सप्रेम नमस्कार. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून सुटे भाग आणून गणेश मंडळांसाठी अ‍ॅम्प्लिफायर बांधायचो, त्या काळातला माझ्याच हातचा, ड्रायव्हर ट्रान्सफॉर्मर आणि २एन३०५५ या पॉवर ट्रान्झिस्टरची जोडी असलेला एक सेट दुरुस्तीला आला आहे. उघडताच वॉर्निशचा तो ओळखीचा वास आला. शॉर्ट झालेले आउटपुट ट्रान्झिस्टर आणि त्यांखालचे मायका (विद्युतरोधक चकत्या) बदलले, तरीही चाचणीसाठी सिरीजमध्ये लावलेला (करंट वाढला की उजळणारा) १०० वॉटचा बल्ब आधी मंद होतो आणि इनपुट नसतानाही हळूहळू उजळत जातो, हीटसिंकला हात लावणे कठीण होते.

जुने २एन३०५५ संथ पण दणकट असत. हल्लीचे एपिटॅक्सियल (नव्या पद्धतीने बनवलेल्या) प्रकारचे अधिक वेगवान असल्याने ते ऐकू न येणाऱ्या वारंवारितेवर ऑसिलेट होत (आपोआप सिग्नल निर्माण करत) असावेत, असा माझा कयास आहे. (नकली मालाची शंका होतीच, म्हणून एकाची टोपी कापून पाहिली, आतली चिप चांगली मोठी निघाली, म्हणजे माल अस्सल असावा.) बेसला रेझिस्टर आणि आउटपुटवर झोबेल नेटवर्क (ऑसिलेशन रोखणारी रेझिस्टर-कपॅसिटरची जोडी) देण्याचा विचार आहे. अशा सेटमध्ये आपण कोणत्या व्हॅल्यू वापरल्या, आणि ड्रायव्हर ट्रान्सफॉर्मरच्या सेकंडरीवरही आरसी (रेझिस्टर-कपॅसिटर) जोडावी लागली का, हे जाणकारांनी कृपया कळवावे. ट्रान्सफॉर्मर काढून आयसीचा तयार बोर्ड बसवण्याचा सल्ला मात्र देऊ नये, ही विनंती.