वेगातील बदलावरून गाडीचे त्वरण काढताना उत्तर ९ की २.५?

प्रश्न:
सरावासाठी घेतलेल्या एका उदाहरणात गाडीचा वेग ६ सेकंदांत ताशी ३६ किलोमीटरवरून ताशी ९० किलोमीटरवर जातो आणि तिचे त्वरण विचारले आहे. मी अंतिम वेगातून प्रारंभिक वेग वजा केला, आलेल्या ५४ ला ६ ने भागले आणि ९ मीटर प्रति सेकंद वर्ग असे लिहिले. उत्तरसूचीत मात्र २.५ आहे. सूत्र तेच असताना चूक कुठे झाली?

प्रतिसाद १:
सूत्र बरोबर आहे, भागाकारही बरोबर आहे. चुकले आहे ते एकक. तुमच्या ९ चा अर्थ असा की स्पीडोमीटरचा काटा दर सेकंदाला ९ ने पुढे सरकतो: ३६, ४५, ५४, ६३ आणि शेवटी ९०. हे वर्णन खरेच आहे, परंतु त्यात वेग तासाच्या हिशेबात आणि कालावधी सेकंदांत असल्यामुळे त्यापुढे 'मीटर प्रति सेकंद वर्ग' लिहिता येत नाही. एका तासात ३६०० सेकंद आणि एका किलोमीटरमध्ये १००० मीटर असल्याने ताशी किलोमीटरला ३.६ ने भागावे, म्हणजे ३६ चे १० आणि ९० चे २५ मीटर प्रति सेकंद होतात. फरक १५, भागिले ६, म्हणून २.५. मुक्तपणे खाली पडणाऱ्या वस्तूचे त्वरण सुमारे ९.८ असते, हे लक्षात ठेवले तर साध्या गाडीसाठी आलेले ९ पाहताक्षणी शंका येते. उत्तर असे ताडून पाहण्याची सवय मला सूत्र पाठ करण्याहून अधिक मोलाची वाटते.

प्रतिसाद २:
वजाबाकीचा क्रम मात्र कधीही बदलू नका. ताशी ७२ किलोमीटर, म्हणजे २० मीटर प्रति सेकंद वेगाने जाणारी गाडी ब्रेक लावल्यावर ४ सेकंदांत थांबली, तर शून्यातून २० वजा होऊन त्वरण उणे ५ येते. हे उणे चिन्ह 'नकोसे' म्हणून खोडणारे विद्यार्थी मी नेहमी पाहतो; वेग कमी होत आहे हे तेच चिन्ह सांगत असते.

प्रतिसाद ३:
येथे निघते ते सरासरी त्वरण होय, कारण गिअर बदलताना क्षणभर गाडीची ओढ कमी होते आणि प्रत्येक सेकंदाचे त्वरण सारखे राहत नाही. शिवाय ही रीत सरळ रस्त्यापुरतीच आहे. २० मीटर त्रिज्येच्या वळणावर गाडी १० मीटर प्रति सेकंद या स्थिर चालीने गेली तर काटा जागचा हलत नाही, तरीही दिशा बदलत असल्याने वळणाच्या केंद्राकडे ५ मीटर प्रति सेकंद वर्ग इतके त्वरण असते.

प्रश्नकर्ता:
मनःपूर्वक आभार. एकके बदलून उदाहरण पुन्हा सोडवले. त्वरण एकसमान मानून त्या ६ सेकंदांत गाडीने कापलेले अंतरही काढले: सरासरी वेग १७.५, गुणिले ६, म्हणजे १०५ मीटर.

प्रतिसाद १:
बरोबर. वेगाच्या वर्गांचे सूत्र लावूनही पाहा: ६२५ वजा १००, भागिले २.५ ची दुप्पट, म्हणजे तेच १०५.