मदत हवी आहे: सोप्याला बदामी की बिस्किटी?

मंगळवार पेठेतलं आमचं जुनं घर. दिवाळीआधी सोपा रंगवून घ्यायचाय. १४ बाय १० ची खोली, खिडकी एकच आणि तीही पश्चिमेला, खाली कोटा फरशी. पुट्टी-प्रायमर झालंय, घोडं अडलंय रंगापाशी.

शेडकार्डवर बदामी आणि बिस्किटी शेजारीशेजारी आहेत. दुकानात बघितलं तर दोन्ही सारखेच. पेंटर म्हणाला, "वैनी, एकच हाय की ओ, कुठलाबी घ्या." तरी दोन्हींचे छोटे डबे आणून खिडकीशेजारी हातभर पट्टे मारले, आणि तिथंच फसले.

सकाळी अकराला बिस्किटी सायीसारखा छान, बदामी मळकट. पाचनंतर ऊन थेट आत आलं की उलटं: बदामी खुलतो, बिस्किटी पिवळा पडतो. आणि रात्री ट्यूब लावली की बदामी चक्क गुलाबी! सासूबाई म्हणाल्या, "बालवाडी काढायलीस काय गं?" आम्ही सोप्यात बसतो ते जास्त करून रात्रीच, म्हणून जीव अडकलाय. पेंटर परवापर्यंतच थांबणार आहे. काय करू?

प्रतिसाद
ताई, कोऱ्या पांढऱ्या प्रायमरशेजारी फिका रंग मळकट दिसू शकतो, त्या पट्ट्यांवर जाऊ नका. दोन बाय दोनच्या पुठ्ठ्यांवर दोन-दोन हात मारा, पूर्ण वाळू द्या (ओला रंग फसवतो) आणि खिडकीसमोरच्या भिंतीला, फरशीला टेकवून ठेवा. कोट्यात हिरवट झाक असते, तिच्यापुढं तांबूसपणा उठून दिसतो. तुमच्या बदामीत तो आहे असं वाटतंय. ट्यूब किती केल्विनची? (उजेड पिवळसर की निळसर याचं माप; आकडा जास्त तितका निळसर.) ६५०० ची असेल तर उजेड निळसर पडतो. ४००० ची लावून बघा आधी.

धागाकर्ती
६५०० चीच होती! काल ४००० ची आणली. गुलाबी बराच कमी झाला, पण फरशीला टेकवल्यावर बदामी अजून तांबूस मारतोच. बिस्किटी रात्री मस्त दिसतो. संध्याकाळी तासभर पिवळा पडतो, तेवढ्यापुरता पडदा ओढीन. पेंटरला बिस्किटी सांगितला. तर म्हणतो, "मी काय म्हटलंतं? एकच हाय."