विषय: कोजागिरीचा पूल – क्यूच्या टिपा, शनिवारच्या आत!!

प्रेषक: मंदार
सोमवार, रात्री १०:५२

मंडळी,
शनिवारी प्रसादकडे कोजागिरी, हे सगळ्यांना माहीत आहे. आज स्टोरेजमधून मंडळाचे पूल (बिलियर्डसारखा खेळ) खेळायचे क्यू, म्हणजे काठ्या, काढून आणले. सहा असायला हवेत, सापडले पाच. सहाव्याचं नंतर बघू. पाचांपैकी दोघांच्या टिपा (बॉलला लागणाऱ्या टोकावरच्या चकत्या) जागेवर नाहीत, एकीला नुसता अंगठा लावला तर ती हातात आली, एकीची कड बाहेर पसरून भूछत्री झाली आहे. पाचवा ठीक आहे, म्हणजे गेल्या वर्षी होता तेवढाच वाईट.

१६ नावं आली आहेत. एका क्यूवर १६ जण खेळले तर चंद्र मावळेल. टिपा कोण आणतंय आणि गुरुवारी कोण बसवतंय, एवढंच सांगा.

– मंदार (क्रीडा)

---

प्रेषक: सुहास काका
सोमवार, रात्री ११:२०

चि. मंदार, अ. आ.
विकत आणायची गरज नाही. मार्चमध्ये पुण्याहून येताना एल्क मास्टर टिपांचा पन्नास नगांचा डबा आणला आहे, सीलसुद्धा फोडलेलं नाही. निळी, मऊ, खडू धरून ठेवणारी टिप. क्लबात आम्ही तीस वर्षं दुसरी वापरली नाही. गुरुवारी संध्याकाळी येतो. चहा बिनसाखरेचा.

सुहास काका

---

प्रेषक: नितीन
मंगळवार, सकाळी ७:०५

काका, त्या किती मिलिमीटरच्या?

---

प्रेषक: सुहास काका
मंगळवार, सकाळी ७:४०

१०. स्पष्ट छापलं आहे डब्यावर.

---

प्रेषक: नितीन
मंगळवार, सकाळी ८:१५

हीच भीती होती. १० ची टिप स्नूकरची. स्नूकरचा बॉल साडेबावन्न मिलिमीटरचा, पूलचा ५७.१५ चा, त्यामुळे आपला क्यूही टोकाला जाड. गेल्या वर्षी कॅलिपर लावून बघितलं होतं: मंडळाचे तीन क्यू १३ चे, बाकीचे साडेबारा-पावणेतेराचे. १३ च्या फेरूलवर (टिपेखालची प्लास्टिकची टोपी) १० ची टिप म्हणजे पातेल्यावर वाटीचं झाकण. चहूबाजूंनी दीड मिलिमीटर प्लास्टिक उघडं. बाजूने स्पिन द्यायला गेलात की चामड्याच्या आधी प्लास्टिक बॉलला लागणार, नाहीतर थेट प्रसादच्या कापडाला.

खरं तर टिप फेरूलपेक्षा किंचित मोठीच घ्यायची. १३ ला १४ ची घ्या, बसवा, मग कडा तासून बरोबरीला आणा.

माझं मत विचाराल तर जपानी कंपनीची कामुई मीडियम. थरांची टिप, लवकर पसरत नाही. लीगमध्ये दोन सीझन एकच चालली माझी. एकेकीला वीस डॉलरच्या वर पडतात, पण पुन्हा पुन्हा बदलायची कटकट नाही.

नितीन

---

प्रेषक: अश्विनी
मंगळवार, सकाळी ९:३०

खजिनदार म्हणून: पाच गुणिले वीस म्हणजे शंभर. पूलचं बजेट साठ, त्यातले पस्तीस करंडकात गेले. पंचवीस डॉलरमध्ये बसेल तेवढंच बोला.

आणि गेल्या वर्षीच्या सुपरग्लूची पावती मला अजून मिळालेली नाही.

अश्विनी

---

प्रेषक: शेखर
मंगळवार, सकाळी १०:१०

पावती मी संक्रांतीच्या कार्यक्रमात हातात दिली होती, तिळगुळाच्या डब्याबरोबर. गेल्या वर्षी सगळ्या टिपा मी एकट्याने बसवल्या आणि कोणाची एक तक्रार आली नव्हती. जुन्या समितीच्या कामावर बोट ठेवण्याआधी निदान फोन करत जा.

शेखर (माजी अध्यक्ष)

---

प्रेषक: मंदार
मंगळवार, सकाळी १०:२५

दादा, बोट कोणीच ठेवलेलं नाही. अंगठा मी ठेवला, आणि टिप निघाली.

---

प्रेषक: सुहास काका
मंगळवार, दुपारी १:००

शेखर, रागावू नकोस. निघालेली टिप मंदारने फोटो काढून पाठवली, ती बघितली. जुन्या गोंदाचा थर खरवडायचा राहिला आणि नवा गोंद त्याच्यावरच बसला. चामडं फेरूलला कधी चिकटलंच नाही, गोंद गोंदाला चिकटला. शिवाय टिपेची पाठ गुळगुळीत होती. पाठ आधी सँडपेपरवर सपाट घासून खरखरीत करायची असते. चूक कोणाचीही होते.

नितीनचं मिलिमीटरचं गणित बरोबर आहे, मान्य. पण मऊ टिप वाईट असं जे तो सुचवतो आहे ते मला मान्य नाही. विल्सन जोन्स पुण्याचा, १९५८ साली कलकत्त्याला जागतिक हौशी बिलियर्ड्सचा विजेता झाला, तेव्हा कुठे होते तुमचे जपानी थर? मुळात टिपेला चामडं लावायची कल्पना फ्रान्सच्या मिंगोची, एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीची. तुरुंगात बसून सुचली म्हणतात. त्याआधी नुसतं लाकूड, दर दोन फटक्यांना एक मिसक्यू, म्हणजे क्यू बॉलवरून घसरणार.

---

प्रेषक: आनंद
मंगळवार, दुपारी १:४५

पंकज अडवाणीही पुण्याचाच ना?

---

प्रेषक: नितीन
मंगळवार, दुपारी २:००

जन्म पुण्याचा (१९८५), घडला बंगळूरला. असं धरलं तर अर्धा भारत पुण्याचा होईल.

काका, मऊ वाईट असं मी म्हटलंच नाही. मंडळाच्या क्यूला मऊ नको, एवढंच. मऊ टिप दाबली जाते, कडेने फुगते, सारखी तासावी लागते. स्वतःच्या क्यूची तेवढी निगा माणूस राखतो. मंडळाचे क्यू वर्षातून एकदा निघतात, पोरं ब्रेक (पहिला, बॉल फोडायचा फटका) मारताना भाला फेकल्यासारखे मारतात आणि मग ते वर्षभर गॅरेजमध्ये पडतात.

मऊ टिपेने स्पिन जास्त मिळतो, हाही थोडा भ्रमच. कोलोरॅडोत अल्सिएटोर म्हणून मेकॅनिकल इंजिनिअरिंगचे निवृत्त प्राध्यापक आहेत. ते हाय-स्पीड कॅमेरा लावून हेच मोजत बसतात. टिप आणि बॉल एकमेकांना लागून राहतात ते सेकंदाच्या हजाराव्या भागाच्या आसपास. स्पिन किती मिळणार हे तुम्ही बॉलच्या मध्यापासून किती लांब मारता त्यावर. मध्यापासून कडेपर्यंतच्या साधारण निम्म्या अंतराच्या पलीकडे गेलात, म्हणजे पूलच्या बॉलवर सव्वाचौदा मिलिमीटर, की मिसक्यू. मग टिप पाच डॉलरची असो की पन्नासची. त्या मर्यादेपर्यंत टिप घसरू न देणं हे खडूचं आणि आकाराचं काम.

---

प्रेषक: स्मिता
मंगळवार, संध्याकाळी ६:३०

एक बाळबोध प्रश्न. टिप कातड्याची असते??? आणि थरांची म्हणजे कशाच्या थरांची? कोजागिरीचं दूध त्याच बेसमेंटमध्ये असणार आहे म्हणून विचारते.

---

प्रेषक: नितीन
मंगळवार, संध्याकाळी ६:४१

कामुई डुकराच्या कातड्याच्या थरांची. मोरी नावाची टिपही.

---

प्रेषक: सुहास काका
मंगळवार, संध्याकाळी ७:१०

स्मिता, तू ढोल पथकात दोन वर्षं ढोल वाजवलास, त्याचं पान कशाचं होतं?

---

प्रेषक: स्मिता
मंगळवार, संध्याकाळी ७:१५

काका, आता ढोलाची पानं फायबरची असतात. आमच्या पथकात सगळी फायबरचीच होती. तसली टिप मिळत नाही का?

---

प्रेषक: आनंद
मंगळवार, संध्याकाळी ७:३०

फायबरला तो नाद नाही. चामड्याच्या पानाचा ठोका पोटात जाणवायचा. पाऊस आला की सैल पडायचं, ते वेगळं.

---

प्रेषक: नितीन
मंगळवार, रात्री ९:००

मिळते, फिनॉलिकची (एक कडक प्लास्टिक). दगडासारखी कडक, ब्रेकच्या क्यूला लावतात. खडू धरत नाही, त्यामुळे ब्रेक सोडून कशालाच उपयोगाची नाही. वहिनी, तुम्ही खेळताना टिपेला हात लागतच नाही. खडूचा निळा हात तेवढा धुवा.

---

प्रेषक: प्रसाद
बुधवार, सकाळी ६:५०

यजमान म्हणून माझे तीन मुद्दे. टेबलाचं कापड जुलैमध्ये बदललं आहे, सिमोनिस कंपनीचं, किंमत सांगत नाही कारण ती घरातही सांगितलेली नाही. ज्या क्यूचं फेरूल उघडं, तो जिना उतरणार नाही. मी स्वतः दारात उभा राहून तपासणार.

कॅरमची पावडर कोणीही बोटांना लावून टेबलाकडे यायचं नाही. मागच्या वेळी राणीच्या मागे लागलेले लोक तसेच उठून पूलला आले आणि कापडावर पांढरे पंजे उमटले. कॅरम वर, दिवाणखान्यात.

खडू टेबलाच्या कडेवर उपडा ठेवू नका.

---

प्रेषक: अश्विनी
बुधवार, सकाळी ९:१०

टिपांचं ठरलं का? प्रश्न पंचवीस डॉलरचा होता.

---

प्रेषक: मंदार
बुधवार, दुपारी १२:३०

ठरलं. ऑफिसहून येताना बिलियर्डच्या दुकानात गेलो. ट्रँगल नावाची टिप, १४ मिमी, एका थराची, मध्यम कडक, डझनभर. जेल सुपरग्लूची एक ट्यूब. सगळं मिळून तेवीस डॉलर आणि वर चिल्लर. पावती आत्ताच फोटो काढून पाठवली आहे, तिळगुळाशिवाय.

---

प्रेषक: आनंद
बुधवार, दुपारी ३:००

इंटरनेटवर वाचलं की टिपा दिवसभर दुधात भिजवून, मग शिकंज्यात दाबून वाळवल्या की एकदम घट्ट होतात. मिल्क डड म्हणतात. काकांच्या एल्क मास्टरवर हेच करतात म्हणे. कोजागिरी आहेच, दूध आटतंच आहे...

---

प्रेषक: विद्याताई
बुधवार, दुपारी ३:०८

माझ्या दुधात कोणीही काहीही बुडवणार नाही. केशर, वेलदोडा, चारोळी, संपलं. बारा लिटर आटवायला दोन मोठी पातेली हवीत, त्याचं उत्तर सोमवारपासून कोणी दिलेलं नाही, सगळे टिपांत अडकलेत.

---

प्रेषक: सुहास काका
बुधवार, दुपारी ४:००

दुधाची गोष्ट खरी आहे. मी स्वतः केलं आहे, क्लबातल्या मार्करने (गुण मोजणाऱ्या माणसाने) शिकवलं होतं. पण एक दिवस भिजवायला आणि वाळायला चांगले काही दिवस लागतात. आज बुधवार.

विद्या, एक पातेलं माझ्याकडे आहे, पितळी, कल्हई केलेलं.

---

प्रेषक: नितीन
बुधवार, रात्री ११:३०

उद्या मला लीगची मॅच आहे, येता येणार नाही. म्हणून लिहून ठेवतो. कृपया वाचल्याशिवाय ब्लेड हातात घेऊ नका.

जुनी टिप ब्लेडने काढा, पण फेरूलला ओरखडा नको. मग फेरूलचा माथा पूर्ण सपाट आणि स्वच्छ, पांढरा दिसेपर्यंत. इथे घाई केली की गेल्या वर्षीचं पुन्हा होणार (शेखरदादा, टोमणा नाही). सँडपेपर टेबलावर पसरून क्यू त्यावर सरळ उभा धरून फिरवा. हातात सँडपेपर घेऊन घासलं की माथा गोल होतो आणि टिप डुगडुगते. टिपेची पाठही तशीच घासा. गोंदाचा एकच थेंब. दाबून धरा आणि जेल असला तरी तासभर हात लावू नका. रात्रभर ठेवलं तर उत्तम.

कडा तासताना फेरूलवर मास्किंग टेप गुंडाळा. क्यू उलटा, टिप खाली कडक लाकडावर टेकवून, ब्लेड फेरूलकडून खाली. मग बारीक सँडपेपर, शेवटी कडेला किंचित ओलं बोट लावून जुन्या चामड्याच्या पट्ट्याने जोरात घासा. चकाकी आली पाहिजे. ही चकाकी म्हणजेच भूछत्रीचा बंदोबस्त. लोक नेमकं हेच सोडून देतात.

टिपेचा आकार निकेलच्या (पाच सेंटच्या) नाण्याच्या गोलाईचा. डाइमचा (दहा सेंटच्या लहान नाण्याचा) नको, डाइम टोकदार होतो, नवशिक्यांना मध्यातही मिसक्यू होतात. आकार द्यायला माझा शेपर कोणालाही देणार नाही, तो गेल्या वर्षी परत येताना बोथट होऊन आला. काकांकडे आहे.

आणि टिपेच्या माथ्यावर सारखं टोचायचं, खरवडायचं नाही. खडू बसत नसेल तेवढंच. दर गेमला टोचलं तर टिप खेळून नाही, टोचूनच संपते.

---

प्रेषक: शेखर
गुरुवार, सकाळी ८:००

टोमणा नाही असं कंसात लिहिलं की टोमणाच असतो. तरी मी संध्याकाळी येतो. पट्टा माझा आणतो, अस्सल कोल्हापुरी आहे.

---

प्रेषक: मंदार
शुक्रवार, रात्री १२:१५

चार झाले. शेखरदादांनी घासले, काकांनी आकार दिला, आणि खरं सांगतो, पट्ट्याने अशी चकाकी आली आहे की नितीनने बघायला हवी. पाचव्याचं फेरूल उभं तडकलेलं निघालं, त्याला नवीन टिप लावून उपयोग नाही, तो बाद. म्हणजे १६ जणांना चार क्यू. जमेल, पण सहावा मिळाला तर बरं. स्टोरेजमध्ये नक्की नाही. कोणाकडे आहे?

काकांचा एल्क मास्टरचा डबा त्यांनी मंडळाला भेट दिला आहे. १० मिमीचा क्यू कोणाकडे असेल तर सांगा, पन्नास टिपा आहेत.

---

प्रेषक: स्मिता
शुक्रवार, सकाळी ७:२०

मंदार, बारीकसा, लांब, खाली हिरवा दोरा गुंडाळलेला, तोच का? गणपतीच्या मखराला मागचा पडदा लावायला दांडी कमी पडत होती, तेव्हा प्रसादच्या गॅरेजमधून कोणीतरी आणून दिला होता. तो मखरासकट आमच्या अटिकमध्ये आहे.

---

प्रेषक: मंदार
शुक्रवार, सकाळी ७:२२

तोच! टिप आहे का त्याला?

---

प्रेषक: स्मिता
शुक्रवार, सकाळी ७:५०

आहे. तिच्यात एक ड्रॉइंग पिन टोचलेली आहे आणि थोडी झेंडूची पाकळी चिकटली आहे. पिन काढू की तशीच आणू?

---

प्रेषक: नितीन
शुक्रवार, सकाळी ७:५१

कोणीही काहीही काढू नका. मी येतो.