लुक्काचा तट एवढा जाड आणि बसका का?

म्युनिकची_माही
नमस्कार मंडळी, गेल्या आठवड्यात इटलीत पिसाला गेलो होतो, तो कलता मनोरा बघून तासाभरात कंटाळलो आणि ट्रेन पकडून अर्ध्या तासात लुक्का गाठलं. अख्ख्या गावाभोवती तट शाबूत! आणि वर काय, तर झाडांची रांग, जॉगिंगवाले, बाबागाड्या ढकलणारे आजोबा. आम्ही सायकली भाड्यानं घेतल्या आणि चार-सव्वाचार किलोमीटरची चक्कर मारली. आमचे अहो राजगड-तोरणा कोळून प्यायलेले, ते म्हणे हा कसला तट, हा तर बांध आहे, शिडी लावली की माणूस वर. मला उत्तर देता आलं नाही. तर प्रश्न असा की हा एवढा रुंद कशाला बांधला, इथे लढाई कधी झाली का, आणि बाकी गावांचे तट गेले तर हाच कसा वाचला?

तोफखाना
अहोंना सांगा, उंची साधारण १२ मीटर आहे, म्हणजे चार मजले, शिडी आणताना दमतील :) पायाशी जाडी ३० मीटरच्या आसपास, म्हणून बसका वाटतो. कारण तोफ. उंच पातळ भिंत शिडीवाल्यांसाठी आणि बाणांसाठी ठीक, पण १४९४ ला फ्रान्सचा आठवा चार्ल्स ब्राँझच्या तोफा आणि लोखंडी गोळे घेऊन इटलीत उतरला आणि जुन्या उंच भिंतींचं काही खरं राहिलं नाही. मग नवी युक्ती अशी की भिंत बसकी करा, आतून मातीचा ढीग भरा, बाहेरून विटांचं अस्तर. गोळा मातीत रुततो, भिंत ढासळत नाही. ती वरची झाडंही आधीपासून शोभेचीच असं समजू नका, मुळं माती धरून ठेवतात.

बुरुजांचं टोक बघितलंत का? गोल बुरुजाच्या अगदी पुढ्यात एक आंधळी जागा राहते, तिथे शत्रू चिकटून बसला की वरून दिसत नाही. टोकदार बुरुज केला की शेजारच्या बुरुजावरून ती जागा माऱ्यात येते. लुक्काला असे ११ आहेत. हीच पद्धत पुढे पोर्तुगीजांनी वसईला आणली, तिथला तट बघितला असेल तर नातं लगेच कळेल. अर्थात १७३९ ला आपल्या लोकांनी सरळ सान सेबास्तियन बुरुजाखाली सुरुंग लावला तो भाग वेगळा. राजगडाशी तुलनाच नको, तिथे अर्धी लढाई डोंगर लढतो, लुक्का सपाटीवर आहे.

पुस्तकी_किडा
वरच्यात भर. हा गावाचा पहिला तट नाहीच. आधी रोमनांचा (वसाहत इ.स.पू. १८० ची), मग मध्ययुगातला मोठा, मग पंधराव्या शतकात वाढवलेला, आणि आत्ताचा चौथा, १५०४ च्या सुमाराला ठरला आणि पुरा व्हायला १६४५ च्या पुढेमागे, म्हणजे जवळजवळ दीडशे वर्षं. सगळा धाक फ्लॉरेन्सचा, तिथलं सत्ताधारी मेडिची घराणं आजूबाजूची गावं गिळत चाललं होतं आणि हे चिमुकलं प्रजासत्ताक मधेच. सान पिएत्रो दरवाजावर त्यांनी "लिबर्तास" कोरून ठेवलंय, म्हणजे स्वातंत्र्य. रोमन भिंतीचा तुकडा सांता मारिया देल्ला रोझा नावाच्या छोट्या चर्चच्या आत आहे, परत गेलात तर डोकवा.

लढाई? शून्य. या तटाला एकदाही वेढा पडला नाही. म्हणजे पैसे वाया, असं म्हणणारे भेटतील, पण चढाई करणाऱ्यानं तट बघूनच विचार बदलला तर तो हिशोब कुठल्या वहीत लिहायचा?

सेर्कियोकाठचा
लढाई झाली हो, पाण्याशी! १८१२ ला सेर्कियो नदी फुटली, सगळा परिसर बुडाला, गावकऱ्यांनी दरवाजे लावले, फटींत गाद्या कोंबल्या आणि गाव कोरडं राहिलं. त्या वेळी राज्य नेपोलियनच्या बहिणीचं, एलिसाचं. ती नेमकी बाहेर होती, दरवाजा उघडला तर पाणी आत, म्हणून बाईसाहेबांना यारीनं तटावरून आत उचलून घेतलं असं सांगतात. आदल्याच वर्षी तिनं स्वतःच्या नावाचा दरवाजा तटात काढून घेतला होता, तरी आत जायला वरूनच जावं लागलं :D

वाचला कसा, तर एलिसानंतरच्या मारिया लुईसा या बुर्बोन घराण्यातल्या डचेसनं वरच्या फांजीचं (तटमाथ्यावरच्या वाटेचं) फिरायचं उद्यान केलं आणि लोकांना तटाची सवय लागली. फ्लॉरेन्स १८६५ ला इटलीची राजधानी झाल्यावर त्यांनी तट पाडून रुंद रस्ते काढले. इकडे लुक्काच्या नगरपालिकेनं १८७० ला तट सरकारकडून चक्क विकत घेतला.

म्युनिकची_माही
बापरे, धन्यवाद सगळ्यांना! अहोंना वसईचा भाग वाचून दाखवला तर लगेच "बघ, सुरुंग" म्हणून खूश, बाकीचं ऐकलंच नाही. तटाच्या पोटातून जाता येतं का? आम्ही वरूनच फिरलो.

तोफखाना
येतं की. बुरुजांच्या आत विटांच्या कमानींचे बोगदे आहेत, त्यातून सैनिक खंदकाकडे उतरायचे, त्यातल्या काहींतून आता बाहेरच्या हिरवळीवर जाता येतं. मे-जूनमध्येही आत गारेगार असतं. सायकल मात्र वरच ठेवा.